संगणक उठतो, कीबोर्ड उठत नाही: एका वायरलेस जोडीचा पाच महिन्यांचा अनुभव

पाच महिन्यांपूर्वी मी दीड हजार रुपयांच्या आसपास किमतीची वायरलेस कीबोर्ड-माउसची जोडी घेतली. टायपिंगच्या बाबतीत तिला नावे ठेवायला जागा नाही. कळांचा आवाज बेताचा आहे आणि इन्स्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्ड-मांडणीत दिवसभर मुद्रिते तपासूनही बोटे अवघडत नाहीत. बॅटरीही अद्याप एकदाच बदलावी लागली आहे. माझी तक्रार एवढीच, की संगणक स्लीपमध्ये गेला की ही जोडी त्याच्यासोबत झोपते आणि तो उठला तरी स्वतः उठत नाही.

माझ्यासारख्या माणसाला ही बाब क्षुल्लक वाटत नाही. चार-पाच फाइली उघड्या असतात, त्यामुळे दुपारी जेवायला उठताना मी संगणक बंद न करता स्लीपमध्ये टाकतो. परत येऊन स्पेसबार दाबावा, तर पडदा काळाच. शेवटी कॅबिनेटचे बटण दाबले की लॉगिनचा पडदा दिसतो, पण पासवर्ड टाइप होत नाही आणि माउसचा बाणही जागचा हलत नाही. डाँगल, म्हणजे जोडीचे संदेश पकडणारा यूएसबी पोर्टमधला छोटा तुकडा, काढून पुन्हा खोचला की दोन्ही गोष्टी तत्काळ सुरू होतात. पहिल्या आठवड्यात हे रोज झाले.

दुकानात जोडी परत घेऊन गेलो, तर काउंटरवरच्या मुलाने ती आपल्या संगणकाला लावली, दोन ओळी टाइप केल्या आणि म्हणाला, "चालतंय की, काका." मी त्याला संगणक स्लीपमध्ये टाकून बघायला सांगितले. त्यावर उत्तर आले, "आम्ही स्लीप करत नाही, डायरेक्ट शटडाउन." वस्तू चालू आहे असा शेरा घेऊन मी घरी आलो. ज्या स्थितीत दोष दिसतो ती स्थितीच तपासायची नाही, अशी ही सेवा असल्यामुळे विक्रीपश्चात सेवेला मी पाचपैकी एकच तारा देतो.

घरी मात्र मी पद्धतशीरपणे शोध घेतला आणि एका वेळी एकच बदल करून दिवसभर वाट पाहण्याचा नियम पाळला. सर्वप्रथम जुना वायरचा कीबोर्ड त्याच पोर्टला लावला. त्याची कोणतीही कळ दाबताच संगणक जागा झाला, म्हणजे पोर्ट, मदरबोर्ड आणि बायोसमधली (संगणकाच्या मूळ सेटिंगमधली) यूएसबीवरून जागे होण्याची सोय या तिन्हींवरचा संशय मिटला. मग विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी'ला 'डिव्हाइसक्वेरी वेक_आर्म्ड' हे शेपूट जोडून आज्ञा दिली. संगणकाला उठवण्याची परवानगी असलेल्या साधनांची यादी ती दाखवते, आणि त्या यादीत नव्या कीबोर्डचा पत्ता नव्हता. डिव्हाइस मॅनेजरमध्ये गेलो, तर 'कीबोर्ड्स'खाली एकाच नावाच्या तीन नोंदी होत्या. डाँगल उपसल्यावर ज्या दोन नाहीशा झाल्या त्या याच्या, हे ओळखून मी त्यांच्या पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर 'या साधनाला संगणक जागा करू द्या' या चौकटीत खूण केली. कळ दाबून उठवण्याची अडचण तिथेच संपली.

माउसच्या बाबतीत मी हीच खूण मुद्दाम काढून टाकली. रात्री टेबलाला धक्का लागला तरी पडदा उजळत असे, आणि 'पॉवरसीएफजी'ची 'लास्टवेक' ही दुसरी आज्ञा दर वेळी माउसकडेच बोट दाखवत असे.

दुसरी अडचण, म्हणजे संगणक उठूनही जोडी निपचित राहण्याची, अधिक चिवट निघाली. स्लीपमध्ये गेलेले यूएसबी साधन पोर्टमधून फार तर अडीच मिलिअँपिअर प्रवाह घेऊ शकते. वायरच्या कीबोर्डला तेवढा पुरतो, पण डाँगलच्या रेडिओला तेवढ्यात अखंड ऐकत राहणे परवडत नाही, म्हणून तो अधूनमधून डोळा उघडतो आणि पुन्हा मिटतो. या झोप-जागेच्या खेळात परत नीट सावध होणे स्वस्त डाँगलना जमत नसावे, असा माझा अंदाज आहे. पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत सेटिंगमध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड', म्हणजे वापरात नसलेली यूएसबी साधने आपोआप झोपवणारी सोय, बंद केल्यावर रोजचा त्रास आठवड्यातून एखाद्या वेळेवर आला. डेस्कटॉपवर या बदलाने विजेच्या बिलात फरक पडत नाही; लॅपटॉपवर मात्र बॅटरीचा विचार करूनच तो करावा.

उरलेला त्रास जागेमुळे होता. डाँगल कॅबिनेटच्या मागच्या निळ्या यूएसबी 3.0 पोर्टमध्ये होता आणि शेजारी बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली होती. यूएसबी 3.0च्या वेगवान वाहतुकीतून 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट निर्माण होतो, असे इंटेलने 2012 मध्येच एका टिपणात सविस्तर दाखवले होते, आणि ही जोडी त्याच पट्ट्यात बोलते. एक साधी एक्स्टेन्शन केबल घेऊन डाँगल काळ्या यूएसबी 2.0 पोर्टमधून टेबलावर आणून ठेवला. त्यानंतर अडीच महिन्यांत एकदाही तो उपसावा लागलेला नाही. अशी केबल उत्पादकाने खोक्यातच द्यायला हवी होती.

मराठीत टाइप करणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो, कारण तिने माझा अर्धा तास खाल्ला. एकदा संगणक व्यवस्थित उठला, कळा उमटत होत्या, तरी पासवर्ड सतत चुकत होता. मी पुन्हा डाँगलला दोष देत बसलो. प्रत्यक्षात स्लीपपूर्वी मी मराठीत लिहीत होतो आणि लॉगिनच्या पडद्यावरही इन्स्क्रिप्टच चालू राहिले होते; ठिपक्यांमागे देवनागरी अक्षरे पडत होती. विंडोज आणि स्पेसबार एकत्र दाबून भाषा बदलल्यावर पहिल्याच प्रयत्नात दार उघडले.

सेटिंगमध्ये हात घालायची तयारी असेल तर या किमतीत जोडी वाईट नाही, आणि टायपिंगसाठी मी तिला चार तारे देईन. कार्यालयातल्या ज्या संगणकांवर अशा सेटिंग बदलण्याची मुभा नसते, तिथे मात्र वायरचाच कीबोर्ड घ्यावा. माझ्याकडे आता एकच खोड उरली आहे. झोपेतून उठवणारी पहिली कळ अक्षर म्हणून उमटत नाही, त्यामुळे आधी शिफ्ट दाबतो, पडदा उजळेपर्यंत थांबतो आणि मगच पासवर्ड लिहितो.