पावतीवरचा ग्राहक क्रमांक मी वाचला नाही

पुण्यातील आमचा फ्लॅट अकरा महिन्यांच्या नोंदणीकृत करारावर भाड्याने दिला होता. भाडे १८,००० रुपये, अनामत ६०,००० रुपये. पाचव्या महिन्यात भाडेकरूचा फोन आला की बदली झाली आहे, रविवारी घर सोडतो. करारात सहा महिन्यांच्या लॉक-इनची, म्हणजे त्याआधी घर न सोडण्याची, अट होती, तीही मी सोडून दिली, कारण तान्हे मूल घेऊन परगावी निघालेल्या माणसाला एका महिन्याच्या भाड्यासाठी अडवणे मला पटले नाही.

किल्ल्या घेताना मी वीजबिलाचे विचारले. त्याने मोबाइलवर तीन पावत्या दाखवल्या, व्हॉट्सॲपवर पाठवल्यासुद्धा. मी रक्कम पाहिली, भरणा झाल्याचा शिक्का पाहिला आणि तिथेच उभ्या उभ्या ६०,००० रुपये त्याच्या खात्यात वळते केले. पावतीवर बारा आकडी ग्राहक क्रमांक स्पष्ट छापलेला होता आणि आमचे जुने बिल त्या वेळी माझ्या काखेतल्या फायलीत होते. दोन्ही शेजारी धरले असते, तर त्या पावत्या दुसऱ्याच कोणाच्या मीटरच्या आहेत हे अर्ध्या मिनिटात कळले असते. तो क्षण आठवला की आजही अंगाचा तिळपापड होतो.

बारा दिवसांनी दाराला वीज तोडण्याची नोटीस लागली: थकबाकी १९,४६० रुपये, मुदत पंधरा दिवस. पाइप गॅसचे २,३६५ रुपये वेगळेच. मला आधी एकही संदेश आला नव्हता, कारण 'बिल माझ्याकडेच येऊ द्या, मी वेळेवर भरतो' या त्याच्या शब्दावर मी जोडणीला त्याचा मोबाइल क्रमांक नोंदवू दिला होता. तसे कोणीही करू नये. गावाहून दर महिन्याला मीटर पाहायला येणे मला शक्य नव्हते, हेही खरेच.

वीज कार्यालयात उत्तर मिळाले की जोडणी तुमच्या नावावर आहे, वापर कोणी केला हे आम्ही पाहत नाही. मी हप्ते मागितले, तर साहेब रजेवर. दुसऱ्यांदा गेलो, तर अर्ज आवक खिडकीवर द्या. तिसऱ्यांदा तो अर्जच सापडेना. पोलीस चौकीत भाडेकरूच्या माहितीचा भरलेला फॉर्म, करार आणि खोट्या पावत्या समोर ठेवल्या, तरी 'हा दिवाणी वाद आहे' एवढेच ऐकवले. दुसऱ्याच्या पावत्या आपल्या म्हणून दाखवून अनामत उकळणे ही फसवणूक नसेल, तर फसवणूक म्हणायचे तरी कशाला? मग भाडेकरूची माहिती पोलिसांना देण्याची सक्ती आमच्यावर कशासाठी? शेवटी मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी २१,८२५ रुपये मीच भरले.

भाडेकरू मध्येच घर सोडत असेल, तर त्याच्यासमोर मीटरचा फोटो घ्या, स्वतःच्या ग्राहक क्रमांकाने थकबाकी तपासा आणि शेवटचे बिल येईपर्यंत अनामतीतली रक्कम राखून ठेवा, मग तो कितीही घाईत असो. माझ्या भाडेकरूचा फोन त्या रविवारपासून बंद आहे.