डीव्हीडीवरचे सिनेमे कम्प्युटरवर घेताना: हँडब्रेक की मेकएमकेव्ही?

कोल्हापुरात घरोघरच्या कपाटांत दोन जातीच्या डीव्हीडी असतात. एक, विकत घेतलेले सिनेमे. दुसऱ्या, लग्न-मुंजीच्या, स्टुडिओवाल्याने रेकॉर्ड करून दिलेल्या. विकतची डिस्क कारखान्यात छापलेली असते, म्हणून ती टिकते. लग्नाची डिस्क रेकॉर्डेबल. तिच्यातला रंगाचा थर वर्षागणिक खराब होतो आणि इथला जून ते सप्टेंबरचा दमटपणा त्याला हातभार लावतो. त्यामुळे डिस्क कम्प्युटरवर उतरवण्याचं काम पुढच्या पावसाळ्याआधी उरकलेलं बरं.

या कामाला फुकटातले दोन प्रोग्रॅम पुरेसे आहेत. पैसे मागणाऱ्यांची ट्रायल आवृत्ती अनेकदा पहिली काही मिनिटंच उतरवते किंवा चित्रावर आपला शिक्का मारते. त्यांच्या वाटेला न गेलेलंच चांगलं.

हँडब्रेक आणि मेकएमकेव्ही यांचं काम एकच वाटतं, पण तसं नाही. मेकएमकेव्ही डिस्कवरचं चित्र आणि आवाज जसाच्या तसा उचलून एमकेव्ही फाइलमध्ये ठेवतो, दर्जात काहीही बदल नाही. फाइल साधारण ४ ते ७ जीबीची होते. हँडब्रेक तेच चित्र नव्याने दाबून लहान करतो. अडीच तासांचा सिनेमा बऱ्याचदा दीड जीबीच्या आत बसतो आणि टीव्हीवरही बिनतक्रार चालतो. विकतच्या डिस्कवरचं संरक्षण, म्हणजे कॉपी रोखणारं कुलूप, हँडब्रेक स्वतःहून उघडत नाही, मेकएमकेव्ही उघडतो. अशी प्रत स्वतःच्या डिस्कची आणि घरात पाहण्यापुरतीच असावी. वाटण्यासाठी कुलूप तोडणं कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५ए खाली गुन्हा आहे.

वापरायला दोन्ही सोपे आहेत. मेकएमकेव्हीत डिस्क घाला, ड्राइव्हच्या चित्रावर क्लिक करा, यादीतून हवी ती टायटल्स (डिस्कवरचे वेगवेगळे व्हिडिओ) निवडा, फोल्डर द्या. दोन मिनिटांपेक्षा लहान तुकडे तो मुळातच गाळतो. एखादं छोटं गाणं हवं असेल तर सेटिंगमध्ये ती मर्यादा खाली आणा. एकाच डिस्कवर दोन-तीन सिनेमे असतील तर ते बहुधा वेगवेगळी टायटल्स म्हणून दिसतात. ‘सगळं एकत्र’ असं आणखी एक लांबलचक टायटल दिसलं तर त्याची खूण काढा, नाहीतर तेच चित्र दोनदा उतरतं.

माझा कौल मेकएमकेव्हीला. तो ज्या एका गोष्टीवर ठरला, ती म्हणजे चरे पडलेली डिस्क. हँडब्रेक थेट डिस्कवरून वाचत असताना मध्येच खराब भाग लागला की तो काही वेळ झगडतो, मग तो भाग ओलांडून पुढे जातो. लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदवहीत, नोंद असते, पण ती उघडून कोण बघतो? शेवटी ‘काम पूर्ण’ असाच निरोप येतो. फाइल उघडते, सुरुवात छान दिसते, आणि नेमक्या अक्षता पडताना चित्र गोठतं किंवा तिथून पुढे ओठ आणि आवाज जुळत नाहीत. डिस्क एव्हाना कपाटात परत गेलेली असते. शिवाय दाबण्याचं काम जुन्या लॅपटॉपवर तासन्‌तास चालतं, तेवढा वेळ ड्राइव्ह फिरत राहतो. आणि लाईट गेली तर अर्धवट एमपी-४ फाइल सहसा उघडतसुद्धा नाही.

मेकएमकेव्ही अशा वेळी खालच्या चौकटीत वाचनाची चूक तिथल्या तिथे दाखवतो आणि वाचता आलंच नाही तर टायटल उतरलं नाही, असं स्पष्ट सांगतो. डिस्क धड असेल तर दहा ते वीस मिनिटांत निकाल कळतो. तेव्हा डिस्क हातातच असते. थेंबभर भांड्यांचा साबण घातलेल्या पाण्याने आणि मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवू नका, टूथपेस्ट तर नकोच. पुन्हा अडलं तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाला. जुन्या डेस्कटॉपचा ड्राइव्ह पुष्कळदा जास्त चिवट निघतो. यूएसबीचा पातळ ड्राइव्ह मध्येच बंद पडत असेल तर हब काढून थेट पोर्टला जोडा, वीज कमी पडत असते. लग्नाची डिस्क तरीही वाचेना, तर लिनक्सवरच्या डीडीरेस्क्यू या खराब डिस्क वाचणाऱ्या प्रोग्रॅमने जमेल तेवढी आयएसओ (अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली प्रत) काढून ती मेकएमकेव्हीत उघडता येते.

जुन्या कृष्णधवल चित्रपटांसाठी तर जशीच्या तशी प्रत मला जास्तच महत्त्वाची वाटते. १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी याच गावात सुरू झाली. त्या काळातल्या चित्रपटांच्या डीव्हीडी इथे अनेकांनी जपल्या आहेत. त्या चित्रातला बारीक रवा, म्हणजे फिल्मचे कण, दाबताना सगळ्यांत आधी पुसला जातो. मूळ प्रत हाताशी असली की हँडब्रेकमध्ये दर्जाचा आकडा २० ऐवजी १८ ठेवून (आकडा कमी तितका दर्जा जास्त), डीनॉइझ (कण पुसणारी सोय) बंद करून पुन्हा बघता येतं. हँडब्रेक चित्राच्या कडांची आपोआप काटछाट करतो, तीही तपासा. कडा अंधाऱ्या असल्या की चौकट चुकीची कापली जाते.

मेकएमकेव्हीची अडचण जागेची आहे. चाळीस डिस्क म्हणजे दोनशे जीबी सहज. शिवाय एफएटी-३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल चढत नाही, आणि काही टीव्ही एमकेव्हीतलं डीव्हीडीचं चित्र दाखवत नाहीत. प्रोग्रॅमची नवी आवृत्तीही अधूनमधून घ्यावी लागते. डीव्हीडीसाठी मात्र तो फुकट आहे.

तुमच्याकडे चार-पाच स्वच्छ, संरक्षण नसलेल्या डिस्क असतील आणि टीव्हीवर बघण्यापुरतंच काम असेल, तर एकटा हँडब्रेकही चालेल, नाही असं नाही. बाकीच्यांनी आधी मेकएमकेव्हीने उतरवावं, फाइल सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी चालवून बघावी, आणि तीच फाइल रात्री हँडब्रेकला द्यावी. पाल (पीएएल, भारतातली टीव्ही पद्धत) डिस्कसाठी तयार सेटिंगांतलं ‘फास्ट ५७६पी२५’ निवडा, एनटीएससी (अमेरिकेतली पद्धत) डिस्कसाठी ‘फास्ट ४८०पी३०’. लग्नाच्या चित्रात हलत्या हातांना कंगव्यासारख्या रेषा दिसतात. त्यासाठी डीइंटरलेसमध्ये (या रेषा काढणारी सोय) ‘बॉब’ घ्या आणि फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, २५ वरून ५० करा, नाहीतर बॉबचा फायदा वाया जातो. मूळ एमकेव्ही बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा.