विद्यार्थ्यांसाठीचं पाककृतींचं पुस्तक घेताय? आधी पाण्याचं माप बघा

परवा आमच्या रूमवर शेवभाजीचा लगदा झाला आणि ठरवलं, आता या पुस्तकाबद्दल लिहायचंच. पुस्तकात छापलंय की शेव घालून दहा मिनिटं मंद आचेवर शिजवा. खान्देशात कुणालाही विचारा, शेव शिजवत नाहीत. रस्सा आधी खळखळून उकळायचा, ताटं मांडली की मग शेव सोडायची. भाजीची जाड शेवसुद्धा बघता बघता रस्सा पिऊन फुगते, म्हणून रस्सा जरा जास्तच पातळ वाटेल असा ठेवावा लागतो. त्या रस्स्याला पाणी किती घालायचं? पुस्तक म्हणतं, 'गरजेनुसार'.

जून महिन्यात मेस सोडल्यापासून आमच्याकडे तीन पुस्तकं जमली आहेत. एक हे चारशे रुपयांचं, गुळगुळीत कागदाचं, वर 'विद्यार्थ्यांसाठी' असं ठळक छापलेलं. दुसरं जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात मिळालेलं कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा'. तिसरी बचत गटाच्या प्रदर्शनात तीस रुपयांना घेतलेली खान्देशी पदार्थांची पातळ पुस्तिका. फोटो, छपाई, पानांची संख्या हे सगळं दुकानात दिसतंच, त्यावर वेळ घालवत नाही.

मला बोलायचंय ते पाण्याबद्दल. चारशेवाल्या पुस्तकात हळद पाव चमचा, हिंग चिमूटभर, कोथिंबीर सजावटीपुरती, सगळं मोजून-मापून दिलंय. पाणी आलं की 'गरजेनुसार' नाहीतर 'अंदाजाने'. अहो, अंदाज नाही म्हणून तर पुस्तक घेतलं! नवशिक्याचं जे बिघडतं ते बहुतेक पाण्यानेच बिघडतं. खिचडी खाली लागते, पिठल्यात गुठळ्या होतात, वरणात डाळ एकीकडे आणि पाणी एकीकडे राहतं. मीठ-मसाला कमी पडला तर लोणच्यासोबत जेवण होऊन जातं. करपलेला कुकर मात्र रात्री दहा वाजता घासावा लागतो, आणि तांदूळ-डाळ फुकट गेली ते वेगळंच. महिन्याचा किराणा तिघांत वाटून भरणाऱ्या पोरांना ते परवडत नाही.

म्हणून रूमवर जमलेली मापं इथेच लिहून टाकतो. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी तुरीची डाळ, कुकरमध्ये साडेचार वाट्या पाणी: आपली मऊ खिचडी होते, वरून कच्चं शेंगदाणा तेल आणि बाजूला पापड. नवा तांदूळ असेल तर अर्धी वाटी पाणी कमी. पिठल्याला एक वाटी बेसन असेल तर तीन वाट्या पाणी, आणि बेसन आधी गार पाण्यात कालवून घ्यायचं. वरणाच्या डाळीला तिप्पट पाणी. वाटी कुठलीही चालेल, पण तांदळाला जी घेतली तीच पाण्याला घ्यायची. ही एवढी ओळसुद्धा त्या पुस्तकात नाही. उलट कुठे 'कप', कुठे 'वाटी' असं मिसळून ठेवलंय. मापाचा कप साधारण 240 मिलिलिटरचा असतो, आमची स्टीलची वाटी त्याहून बरीच लहान. एका पाककृतीत दोन्ही आल्यावर मुलाने काय करायचं?

आणि भरीत! वांग्याच्या भरतात त्यांनी टोमॅटो आणि गरम मसाला घातलाय. जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालंय, इथे थंडीत मळ्यात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून भरीत पार्ट्या होतात. हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, एवढ्यात ते होतं. दुसरीकडची पद्धत वेगळी असेल, त्याला माझी ना नाही. पण इंडक्शनवर वांगं भाजायचं कसं, तेही सांगितलेलं नाही, आणि अर्ध्या रूमवर फक्त इंडक्शनच असतं. वांगं उभं चिरून, तेलाचा हात लावून, कापलेली बाजू खाली करून जाड तव्यावर झाकण ठेवलं की होतं. काडीचा वास येत नाही, पण पोट भरतं.

इथपर्यंतचं मी दिवाळीआधीच लिहून ठेवलं होतं. त्यानंतर मत थोडं बदललंय, तेही सांगायला हवं. आमच्या धरणगावच्या रूममेटला जिरं आणि ओवा वेगळा ओळखता येत नव्हता. त्याच चारशेवाल्या पुस्तकातल्या मसाल्यांच्या फोटोंवरून तो सगळं शिकला, आणि कांदा चिरताना बोटं आत कशी वळवायची तेही. ती सुरुवातीची पंधरा-वीस पानं खरोखर मेहनतीने केली आहेत. तेवढीच वेगळी छापून पन्नास रुपयांना विकली असती तर मी दहा जणांना घ्यायला लावली असती.

तीसवाल्या पुस्तिकेला आधी मी मोजतच नव्हतो. एकही फोटो नाही, पिना गंजलेल्या. पण कळण्याच्या भाकरीच्या पानावर लिहिलंय की पीठ जुनं असेल तर पाणी उकळतं घ्या आणि एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळा. ज्वारी-उडदाचं पीठ महिनाभर डब्यात राहिलं की थापताना कडा चिरतात. उकळतं पाणी घालून, उलथन्याने कालवून, हाताला सोसेल तसं तळहाताने रगडत गेलं की पीठ ओढ धरतं आणि भाकरी कडेपर्यंत अखंड थापली जाते. लिहिणारीने ओट्याजवळ उभं राहून लिहिलंय हे कळतं.

'रुचिरा' 1970 सालचं आहे आणि नव्याने संसार मांडणाऱ्या मुलींना आवर्जून दिलं जायचं. वाटी आणि चमचा हीच त्याची मापं, त्यामुळे रूमवरच्या भांड्यांशी ते लगेच जुळतं. जुनं मिळालं तर घेऊन ठेवा.

नवीन घ्यायचं असेल तर दुकानात उभ्या उभ्या खिचडीचं आणि पिठल्याचं पान उघडा. दोन्हीकडे पाणी आकड्यात दिलं असेल तर पुढची पानं चाळा, एका-दोघांचं प्रमाण आहे का ते बघा. नसेल तर परत ठेवा, फोटो कितीही छान असोत. चारशेवाल्या पुस्तकाच्या प्रकाशकांना मी 'गरजेनुसार' असलेल्या सगळ्या पानांची यादी पाठवली आहे. पुढच्या आवृत्तीत तिथे आकडे आले तर या वर्षी रूम घेतलेल्या ज्युनियर पोरांना तेच घ्या म्हणून मी स्वतः सांगेन.