किल्लीचं कुलूप की डिजिटल? दार आणि घरातली ये-जा बघून ठरवा

दोन्ही कुलपं शेजारी मांडली की नजर डिजिटलकडे जाते. काळी काच, उजळणारे आकडे, बोट टेकवताच सरकणारा बोल्ट. त्याच्या शेजारी किल्लीचं मॉर्टिस लॉक (दाराच्या जाडीत खाच पाडून बसवायचं कुलूप) साधी लोखंडी पेटी वाटते. पण दार लावल्यावर चौकटीत शिरतो तो पोलादी बोल्ट दोघांचाही साधारण सारखाच असतो, आणि पहार घेऊन आलेल्या माणसाला तो किल्लीने सरकला की मोटारने, याच्याशी देणंघेणं नसतं. डिजिटल कुलूप बदलतं ती गोष्ट वेगळी आहे: दार उघडण्याचा अधिकार कोणाकडे, कसा आणि किती दिवस राहणार. निवड करायची ती या प्रश्नाच्या उत्तरावरून. दाराची ताकद हा स्वतंत्र विषय आहे आणि तो आधी मार्गी लावावा लागतो.

आधी चौकट

दार लावून बाहेरून खांद्याने हलकंच ढकलून बघा. खडखडलं किंवा आत-बाहेर हललं, तर पहिला खर्च तिथे करायचा. जोरदार लाथ बसते तेव्हा बहुतेक वेळा कुलूप शाबूत राहतं आणि चौकट फाटते. बोल्ट जिच्यात शिरतो ती स्ट्राइक प्लेट चौकटीवर जेमतेम 18-20 मिलिमीटरच्या दोन स्क्रूंनी बसवलेली असते, हे त्याचं कारण. ते काढून 75 मिलिमीटरचे स्क्रू घातले की ते चौकट ओलांडून मागच्या भक्कम लाकडात पोचतात. मागे वीट किंवा काँक्रीट असेल तर नुसता लाकडाचा स्क्रू धरणार नाही, तिथे प्लग किंवा अँकर फास्टनर लागतो.

मग बोल्टचं भोक तपासा. चांगला डेडबोल्ट, म्हणजे स्प्रिंगशिवायचा भरीव बोल्ट, 25 मिलिमीटर बाहेर येतो. चौकटीतलं भोक 15 मिलिमीटरच खोल असेल तर तो मध्येच थांबतो, आणि अर्धवट बाहेर आलेला डेडबोल्ट आतून पक्का अडकत नाही, त्याला मागे रेटता येतं. किल्लीच्या कुलपात हा दोष हाताला लगेच जाणवतो, कारण किल्ली पूर्ण फिरत नाही. डिजिटलमध्ये मोटार अडते, बीप वाजतो, कुलूप पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. दार लागलंय असं समजून माणूस निघून जातो आणि बॅटरी उतरत राहते.

फ्लश डोअर, म्हणजे दोन्ही बाजूंनी सपाट प्लायचं दार, असेल तर आणखी एक खबरदारी घ्या. बऱ्याच फ्लश दारांमध्ये कुलपासाठी भरीव लाकडाचा ठोकळा ठरावीक उंचीवरच असतो. जुन्या कुलपापेक्षा खूप वर-खाली नवी खाच पाडली तर स्क्रू भुशासारख्या भरावात जातात आणि काही महिन्यांत कुलूप डुगडुगायला लागतं.

किल्लीचं कुलूप: कशाने टिकतं, कुठे कमी पडतं

आज घरोघरी दिसणारं सपाट किल्लीचं पिन टंबलर कुलूप लायनस येल ज्युनियर यांनी 1860 च्या दशकात पेटंट केलं, आणि त्याची मूळ रचना अजून तीच आहे. सिलिंडरमध्ये, म्हणजे किल्ली घालतो त्या भागात, पाच-सहा पिनांच्या जोड्या असतात, प्रत्येक जोडीवर एक स्प्रिंग. बरोबर किल्ली घातली की सगळ्या जोड्यांमधल्या फटी एका रेषेत येतात आणि गाभा फिरतो. यात वीज नाही, पडदा नाही, अपडेट नाही. बिघाड यायचा तो हळूहळू येतो: किल्ली अडकायला लागते, थोडी ओढून फिरवावी लागते. ही पूर्वसूचना फार मोलाची आहे.

घेताना पाचपेक्षा सहा पिनांचं घ्या आणि दुकानदाराला तीन गोष्टी विचारा. बंपिंगला अडवणाऱ्या खास पिना आहेत का? बंपिंग म्हणजे विशिष्ट दातांची किल्ली घालून तिच्यावर ठोका मारायचा; पिना क्षणभर उसळतात आणि तेवढ्यात गाभा फिरवला जातो. दुसरं, ड्रिलला दाद न देणारी कडक पोलादाची पिन आहे का? तिसरं, युरो सिलिंडर (दाराच्या आरपार जाणारा, वेगळा काढता येणारा सिलिंडर) असेल तर तो मोडण्यापासून संरक्षण आहे का? हा सिलिंडर मधोमध, स्क्रूच्या भोकापाशी, सगळ्यात पातळ असतो. तो हँडलच्या पट्टीबाहेर 3 मिलिमीटरहून जास्त डोकावला तर पकडीने धरून तोडता येतो. त्यामुळे महागडा सिलिंडर घेऊन तो चुकीच्या लांबीचा बसवणं म्हणजे पैसे पाण्यात.

पण किल्लीच्या कुलपाचा खरा कमकुवतपणा कुलपात नसून किल्लीत आहे. साधी किल्ली काही मिनिटांत दुसरी करून मिळते आणि जगात तुमच्या दाराच्या किती किल्ल्या आहेत हे तुम्हाला कधीच कळत नाही. आधीचा भाडेकरू, रंगारी, कामाला येणाऱ्या ताई, शेजारी ठेवलेली जादा किल्ली. यावर दोन उपाय आहेत: कार्ड दाखवल्याशिवाय नक्कल होत नाही अशी नोंदणीकृत किल्ली, किंवा माणसं बदलली की सिलिंडर बदलणं.

युरो सिलिंडर बदलणं घरच्या घरी जमतं. दाराच्या कडेला, सिलिंडरच्या रेषेत असलेला लांब एम-5 स्क्रू काढा. किल्ली घालून थोडीशी फिरवा, म्हणजे मधला कॅम (बोल्ट सरकवणारा छोटा दात) सिलिंडरच्या आकारात लपतो आणि सिलिंडर सरळ बाहेर येतो. मधल्या स्क्रूपासून दोन्ही टोकांपर्यंतची मापं वेगवेगळी घ्या, 35 आणि 45 अशी. एकूण लांबी घेऊन दुकानात गेलं की हमखास चुकीचा माल येतो.

देखभाल जवळपास नाहीच. वर्षातून दोनदा ग्रॅफाइट पावडर किंवा कोरडा पीटीएफई (टेफ्लॉन) स्प्रे पुरे. खाद्यतेल किंवा जाड मशीन ऑइल घालू नका. त्यात धूळ बसते, तिचा चिकट गोळा होतो आणि पिना वर-खाली व्हायच्या थांबतात.

डिजिटल: आधी आतली घडण विचारा

बाहेरून सारखी दिसणारी डिजिटल कुलपं आतून दोन प्रकारची असतात, आणि विक्रेते हे क्वचितच आपणहून सांगतात. पहिल्या प्रकारात मोटार स्वतः बोल्ट ढकलते. दुसऱ्यात मोटार फक्त हँडल आणि कुलूप यांच्यामधला क्लच जोडते, बोल्ट माणूस हँडल दाबून सरकवतो. पहिला प्रकार सोयीचा, आपोआप लागणारा. पण दार पावसाळी हवेत फुगलं किंवा बिजागरीवर लोंबलं, बोल्ट पट्टीला घासायला लागला, की मोटार जास्त करंट ओढते. ‘बॅटरी लवकर संपते’ या तक्रारीमागे अनेकदा हेच असतं. दार थोडंफार हलतं अशा घरांना आम्ही क्लचवालं कुलूप सुचवू. त्याला वीज कमी लागते आणि घासणाऱ्या बोल्टवर हाताचं बळ मात करतं.

बहुतेक कुलपांना चार एए अल्कलाइन सेल लागतात, म्हणजे 6 व्होल्ट. रिचार्जेबल निकेल सेल 1.2 व्होल्टचे असल्याने चार मिळून 4.8 होतात, आणि कुलूप पहिल्या दिवसापासून ‘बॅटरी कमी’ म्हणत राहतं. लिथियम एए सेलची अडचण उलटी आहे. त्यांचा विद्युतदाब शेवटपर्यंत टिकतो आणि मग एकदम कोसळतो, म्हणून इशारा मिळाला तर उशिरा मिळतो. कंपनीने वेगळं सांगितलं नसेल तर अल्कलाइनच वापरा, चारही एकदम बदला, नवे-जुने मिसळू नका. घर महिनोन्‌महिने बंद राहणार असेल तर निघण्याआधी नवे सेल घाला. संपलेले सेल आत तसेच राहिले तर त्यांतून झिरपणारा क्षार पत्र्या खातो.

बॅटरी पूर्ण संपली तरी चांगल्या कुलपाला बाहेर 9 व्होल्टच्या बॅटरीसाठी दोन टोकं किंवा यूएसबीचं तोंड असतं. 9 व्होल्टची बॅटरी टेकवून धरायची आणि धरलेल्या अवस्थेतच कोड टाकायचा. नुसत्या बॅटरीने दार उघडत नाही, ती फक्त कुलपाला जागं करते. ही सोय नसलेलं आणि किल्लीचं भोकही नसलेलं कुलूप घेऊ नये.

बोटाचा ठसा सगळ्यांना आवडतो आणि सगळ्यात जास्त रुसतो तोही तोच. भांडी घासून ओले-सुरकुतलेले हात, सिमेंट-चुन्याचं काम करणाऱ्यांची झिजलेली बोटं, वयस्कर माणसांची कोरडी त्वचा, लहान मुलांचे बारीक ठसे: सेन्सरला या सगळ्यांचा त्रास होतो. एकच बोट तीन-चार वेळा वेगवेगळ्या कोनांतून नोंदवा आणि दुसऱ्या हाताचंही एक बोट घ्या, कारण उजव्या हाताच्या बोटाला पट्टी बांधलेली असण्याची वेळ कधीतरी येतेच. ठसा सोयीपुरता ठेवा, आधार कोडचा असू द्या.

चार आकडी कोडच्या 10,000 शक्यता असतात, सहा आकडीच्या 10,00,000. चार-पाच चुकांनंतर काही मिनिटं बंद होणारं कुलूप असेल तर सहा आकडी कोड अंदाजाने लागणं अवघड आहे, अर्थात तो जन्मतारीख नसेल तर. काचेवर राहिलेल्या बोटांच्या डागांवरून आकडे ओळखता येतात. म्हणून खऱ्या कोडच्या आधी-नंतर वाटेल ते आकडे टाकू देणारी सोय असलेलं मॉडेल घ्या आणि काच अधूनमधून पुसा. कार्ड किंवा टॅग असेल तर तो 125 किलोहर्ट्‌झचा नसावा. त्यातल्या साध्या टॅगमध्ये फक्त एक न बदलणारा क्रमांक असतो आणि त्याची नक्कल स्वस्त यंत्राने होते. 13.56 मेगाहर्ट्‌झच्या कार्डांतही मायफेअर क्लासिक या प्रकाराची सुरक्षा 2008 मध्येच भेदली गेली. डेसफायर हा दुसरा प्रकार त्यापेक्षा बराच भक्कम आहे.

वायफायबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: गरज नसेल तर नको. ते बॅटरी खातं, आणि ज्या कंपनीच्या सर्व्हरवर ते चालतं ती सेवा बंद झाली तर दुरून उघडण्याची सोयही जाते. ब्लूटूथ आणि कोड एवढं बहुतेक घरांना पुरतं.

स्वस्त डिजिटल कुलपांचा एक दोष जाहिरातीत कधीच दिसत नाही. 2018 मध्ये चीनमधल्या योंगकांगच्या दरवाजांच्या प्रदर्शनात टेस्ला कॉइल (उच्च दाबाची वीज निर्माण करणारं वेटोळं) असलेल्या छोट्या डबीने काही स्मार्ट कुलपं क्षणात उघडून दाखवली गेली. विद्युतचुंबकीय धक्क्याने आतलं सर्किट गोंधळून पुन्हा सुरू होत होतं, आणि काही कुलपं सुरू होतानाच उघडत होती. अशा धक्क्याची चाचणी झाली आहे का, हे माहितीपत्रकात शोधा. तितकंच महत्त्वाचं, झाकणाखाली लपवलेल्या किल्लीच्या भोकातला सिलिंडर बघा. चकचकीत डिजिटल कुलपात तिथे अगदी हलका सिलिंडर निघाला तर चोराला आकड्यांशी झुंजण्याची गरजच उरत नाही.

आतून बाहेर पडणं

आग लागली तर आतून दार किल्ली, कोड किंवा बॅटरीशिवाय, एका हालचालीत उघडलं पाहिजे. डिजिटलमध्ये आतलं हँडल थेट यंत्राशी जोडलेलं आहे ना, हे सेल काढून तपासा. किल्लीच्या कुलपांत दोन्ही बाजूंनी किल्ली लागणारा डेडबोल्ट राहत्या घराला धोकादायक आहे. धुरात किल्ली शोधता येत नाही. आतल्या बाजूला फिरवायची मूठ हवी.

कोणाच्या घराला काय

दोघं-तिघं राहतात, किल्ल्या मोजक्या आहेत, येणारी-जाणारी माणसं ठरलेली आहेत: सहा पिनांचं मॉर्टिस आणि नोंदणीकृत किल्ली घ्या. यापेक्षा कमी त्रासाचं काही नाही. शाळेतून एकटी येणारी मुलं, कामाला येणारी माणसं, अधूनमधून उतरणारे पाहुणे, बदलणारे भाडेकरू: इथे डिजिटल आपली किंमत वसूल करतं, कारण अधिकार काढून घ्यायला आकडे पुसले की झालं. आजी-आजोबा एकटे राहत असतील तर आकडे मोठे, बटणं दाबताना जाणवणारी, आणि बोटावर अवलंबून नसलेलं मॉडेल हवं. विसरभोळेपणा सुरू झाला असेल तर दार बंद होताच आपोआप लागणारी सोय बंद ठेवा, नाहीतर कचरा ठेवायला बाहेर गेलेलं माणूस बाहेरच अडकतं. नाईट लॅचमध्येही (दार ओढताच आपोआप लागणारं किल्लीचं कुलूप) अगदी हाच धोका असतो. दार थेट पावसात किंवा पश्चिमेच्या उन्हात असेल तर आयपी 65 दर्जा (धूळ आणि पाण्याच्या फवाऱ्यापासून संरक्षण) लिहिलेला असल्याशिवाय डिजिटल बसवू नका.

सेल कोण बदलणार, याचं घरात ठाम उत्तर नसेल तर किल्लीवरच थांबा.

बसवताना

दाराची जाडी आणि कडेपासून भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्या. हे अंतर बहुधा 60 किंवा 70 मिलिमीटर असतं, आणि जुन्या खाचेशी ते जुळलं नाही तर दार पुन्हा कोरावं लागतं. दार डावं की उजवं, म्हणजे बिजागऱ्या कोणत्या बाजूला, हे मागवण्याआधी ठरवा. भोक दोन्ही बाजूंनी अर्धं-अर्धं पाडा, नाहीतर पलीकडचं लाकूड फाटतं. मधून जाणारी वायर प्लेटखाली चिमटली जात नाही ना, हे स्क्रू आवळण्याआधी बघा. बंद पडलेल्या नव्या कुलपात हाच दोष वारंवार सापडतो. शेवटचे स्क्रू हातानेच पिळा. मशीनने करकचून आवळले की पेटी वाकते आणि बोल्ट जड होतो.

बोल्टच्या टोकाला खडू लावून दार लावा. स्ट्राइक प्लेटवर खूण कुठे उमटते ते दिसेल, तेवढीच प्लेट घासा किंवा सरकवा. मग दार उघडंच ठेवून कंपनीचा मूळ कोड बदला आणि कोड, बोट, किल्ली, 9 व्होल्टची बॅटरी हे सगळं दहा-दहा वेळा तपासा. त्याआधी दार लावू नका. डिजिटल कुलपाची जादा किल्ली मात्र घराबाहेर, विश्वासातल्या माणसाकडे ठेवा. डब्यासोबत आलेली किल्ली आतल्या कपाटातच राहिली तर ती लागेल त्या दिवशी दाराच्या पलीकडे असेल.