क्रॉप कव्हर: पहिले हिमकण पडण्याआधी कोणती भाजी झाकावी, कोणती काढून घ्यावी

शरद सरत आला आणि रात्रीचा पारा शून्याकडे उतरू लागला, की भाजीच्या बागेत रोज संध्याकाळी एकच हिशोब सुरू होतो: आज काय तोडायचं आणि काय आणखी एक रात्र ठेवायचं. ठेवायच्या भाजीसाठी क्रॉप कव्हर मिळतं. पॉलिप्रॉपिलीनचं, न विणलेलं, पांढरं आणि हलकं असं हे कापड. त्याबद्दलचं मत आधीच सांगून टाकतो. ३० जीएसएमचं घ्या, कमानींवर टाका आणि त्याच्याकडून २ ते ३ अंश जास्तीच्या उबेचीच अपेक्षा ठेवा. तेवढ्यावर बागेला दहा-पंधरा दिवस जास्तीचे मिळू शकतात, कारण पहिल्या एक-दोन गोठणाऱ्या रात्रींनंतर पुष्कळदा पुन्हा उबदार दिवस येतात. मात्र काही भाज्या अशा आहेत की त्या झाकण्यात वेळ घालवूच नये. त्यांच्याबद्दल पुढे येईलच.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. साधारण १७, ३० आणि ५० अशी तीन वजनं आपल्या कामाची. १७ जीएसएममधून सुमारे ८५ टक्के उजेड आत जातो, त्यामुळे ते दिवसभर वाफ्यावर राहिलं तरी चालतं. किडी आणि पक्षी रोखायला ते उत्तम. थंडीत मात्र जेमतेम १ ते २ अंश राखतं आणि टोमॅटोच्या काठीला नुसतं घासलं तरी फाटतं. ५० जीएसएम ३ ते ४ अंश राखतं, पण उजेड निम्म्यावर आणतं. म्हणजे ते रोज संध्याकाळी घालायचं आणि सकाळी काढायचं. ज्यांना हे रोज जमणार आहे त्यांनीच ते घ्यावं. ३० जीएसएममधून सुमारे ७० टक्के उजेड मिळतो, एखाद-दोन दिवस ते काढलं नाही तरी झाड पिवळं पडत नाही आणि वाऱ्यातही ते टिकतं. घरात १७ जीएसएम आधीपासून असेल तर त्याचे दोन थर, मध्ये थोडी हवा राहील असे टाकावेत. काम जवळपास ३० जीएसएमइतकं होतं आणि दिवसा वरचा थर काढता येतो.

रुंदी निवडताना सगळ्यात जास्त चुका होतात. वाफा १.२ मीटरचा म्हणून लोक १.६ मीटर पन्ह्याचं कापड आणतात आणि कमानींवर टाकल्यावर दोन्ही कडा जमिनीपासून वर लटकतात. १.२ मीटर रुंद वाफ्यावर ५० सेंटिमीटर उंचीची कमान उभी केली, तर कमानीचा वळसा सुमारे पावणेदोन मीटर भरतो. त्यात दाबण्यासाठी दोन्हीकडे ३०-३० सेंटिमीटर धरा. म्हणजे २.३५ मीटर लागले, २.४ मीटरचा पन्हा इथे नेमका बसतो. लांबीतही दोन्ही टोकांना प्रत्येकी एक मीटर जादा ठेवावं, नाहीतर टोकं उघडी पडतात आणि थंड हवा तिथूनच शिरते.

कमानींसाठी अर्धा इंची पीव्हीसी पाइप किंवा ४-५ मिलिमीटरची तार चालते. प्रत्येक तुकडा २.२ मीटरचा कापला तर दोन्ही बाजूंना वीस-बावीस सेंटिमीटर मातीत जातो. दोन कमानींत एक मीटर अंतर ठेवा. बाग उघड्यावर असेल तर पाऊण मीटर. तारेची टोकं आणि पाइपच्या कडा कापडाला पहिली भोकं पाडतात, म्हणून तिथे चिकटपट्टी गुंडाळणं फायद्याचं. कमानी टाळून कापड थेट झाडांवर पसरणारेही पुष्कळ आहेत. पालक, कोबी, गाजर यांच्यावर ते खपून जातं. मिरची किंवा लेट्यूसवर नाही: कापडाला आतून दव धरतं, ते पानाला टेकतं आणि गोठतं, आणि नेमकी टेकलेली पानंच सकाळी काळी पडलेली दिसतात. प्लास्टिकच्या कागदाने हे नुकसान याहून जास्त होतं. शिवाय ऊन वर आल्यावर त्याखालची भाजी अक्षरशः उकडते.

आता वापराबद्दल. हे कापड स्वतः उष्णता तयार करत नाही. दिवसभर तापलेली जमीन रात्री जी ऊब सोडते, ती ते अडवून धरतं, इतकंच. म्हणून ते दुपार कलल्यावर, ऊन वाफ्यावर असतानाच घालायचं. अंधार पडल्यावर घातलं तर निम्मी ऊब आधीच निघून गेलेली असते. जमीन कोरडी असेल तर सकाळी पाणी द्या, कारण ओल्या मातीत उष्णता जास्त साठते. पानं मात्र भिजवू नका. कडा जमिनीला सलग टेकल्या पाहिजेत. दर मीटरला वाळूची एक लांबट पिशवी ठेवावी. दगडांच्या धारेने कापड चिरतं. कापड झाडाच्या बुंध्याभोवती दोरीने बांधून छत्रीसारखं करणं ही नेहमीची चूक. त्याने जमिनीची ऊब झाडापर्यंत पोहोचतच नाही. सकाळी बाहेरचा पारा ४-५ अंशांच्या वर गेला की एक बाजू उघडावी. आत दमट हवा कोंडून राहिली तर भुरी आणि करपा या रोगांना आमंत्रण मिळतं, गोगलगायीही वाढतात.

कापड काम करतंय की नाही हे अंदाजाने ठरवू नये. किमान-कमाल तापमान दाखवणारे दोन साधे थर्मामीटर आणावेत. एक कापडाखाली पानांच्या उंचीवर, दुसरा बाहेर त्याच उंचीवर. ३० जीएसएमखाली फरक दीड अंशाहून कमी येत असेल, तर कुठेतरी कड उघडी आहे. हवामानाचा अंदाज जमिनीपासून दीड-दोन मीटर उंचीचा असतो, आणि निरभ्र, निवांत रात्री जमिनीलगत त्याहून २-३ अंश कमी असतं. त्यामुळे अंदाजात ३ अंश दिसले तरी वाफ्यावर हिमकण, म्हणजे गोठलेलं दव, पडू शकतात. बागेतला खोलगट कोपरा तर आणखी थंड, कारण जड थंड हवा पाण्यासारखी वाहत जाऊन तिथे साचते. संध्याकाळी दवबिंदूचा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव होऊ लागतं त्याचा, आकडाही पाहावा. तो शून्याच्या खाली असेल तर हवा कोरडी आहे, दव धरताना सुटणारी उष्णता मिळणार नाही आणि पारा झपाट्याने उतरेल.

हे सगळं ढग नसलेल्या, वारा पडलेल्या रात्रीला लागू. बाहेरून गोठवणारा वारा घोंघावत येणार असेल तर जमिनीची ऊब कापडाखाली टिकत नाही. अशा अंदाजाच्या दिवशी कापडावर विसंबू नका, नाजूक भाजी सगळी तोडा.

नाजूक म्हणजे कोणती? टोमॅटो, मिरची, वांगी, भेंडी, काकडी, फरसबी, भोपळे, रताळी. शून्य ते उणे १ अंशाला यांची पानं जातात. बेझिल (तुळशीच्या जातीची सुगंधी वनस्पती) तर त्याही आधी, ५ अंशांच्या आसपासच काळवंडू लागतं, त्यामुळे ते झाकण्याच्या फंदात पडू नये. यांतल्या बुटक्या मिरच्या आणि वांगी झाकायला सगळ्यात सोयीची. काठीला बांधलेले पाच-सहा फुटी टोमॅटो मात्र झाकणं जवळपास अशक्य. तिथे तोडणीच करावी.

टोमॅटोचा विचार महिनाभर आधीच करावा लागतो. पहिल्या गोठणाऱ्या रात्रीच्या सुमारे चार आठवडे आधी शेंडे आणि नवी फुलं खुडली, की झाडाची ताकद लागलेल्या फळांकडे वळते. तोडणीच्या दिवशी हिरव्या फळांचे दोन गट करा. जे पूर्ण आकाराचं आहे, ज्याचा गडद हिरवा रंग फिकट, पांढुरका झाला आहे आणि सालीवर तकाकी आली आहे, ते पिकणार. खात्रीसाठी तसंच एक फळ कापून पाहा: बियांभोवती गर चिकट, जेलीसारखा झालेला असेल आणि सुरी लागताच बिया बाजूला सरकत असतील, तर त्या आकार-रंगाची बाकीची फळं घरात लाल होतील. बियाच कापल्या गेल्या तर फळ कोवळं आहे. ते हिरवंच स्वयंपाकात वापरावं. कितीही दिवस ठेवलं तरी सुरकुतेल, पिकणार नाही.

पिकणाऱ्या फळांची आढी घालायची. देठ काढून टाका, कारण तो शेजारच्या फळाला टोचतो आणि कूज तिथून सुरू होते. ओली फळं पुसून कोरडी करा, कागदावर एकाच थरात, एकमेकांना न टेकता मांडा. १८ ते २१ अंशांना साधारण दोन आठवड्यांत रंग येतो, १३ अंशांच्या आसपास तीन-चार आठवडे लागतात. म्हणजे निम्मी उबदार खोलीत आणि निम्मी गार खोलीत ठेवली, तर टोमॅटो टप्प्याटप्प्याने मिळत राहतात. उजेडाची गरज नसते, त्यामुळे खिडकीत ओळीने मांडण्याने काही साधत नाही. घाई असेल तर कागदी पिशवीत एक पिकलं केळं सोबत ठेवा. त्यातून निघणारा इथिलीन वायू पिकण्याला वेग देतो. फ्रिजमध्ये हिरवा टोमॅटो कधीच ठेवू नका. १० अंशांखाली काही दिवस राहिलेलं फळ पिकण्याची क्षमता गमावतं, रंग डागाडागांनी येतो आणि चव पिठूळ लागते. झाडावरच अशा गार रात्री लागोपाठ काढलेल्या फळांचंही हेच होतं. म्हणून रात्रीचा पारा सतत १० अंशांखाली राहू लागला की टोमॅटो कापडाखाली ताटकळत ठेवण्यापेक्षा घरात आणलेले बरे. दर दोन-तीन दिवसांनी आढी तपासा आणि डागाळलेलं फळ लगेच उचला.

ढोबळी मिरची कात्रीने, थोडा देठ ठेवून कापावी. जिला निम्मा रंग चढला आहे ती घरात पूर्ण रंगते, पूर्ण हिरवी असलेली मात्र हिरवीच राहते. फरसबी सगळी तोडून घ्या. वांगी चकचकीत असतानाच काढा.

लाल भोपळ्याला हिमाचा एक जरी फटका बसला तरी तो साठवणुकीला निकामी होतो: सालीवर पाणचट डाग उमटतात आणि काही आठवड्यांत तिथून सडतो. नख दाबून साल फुटत नसेल तर फळ तयार समजावं. देठ ५ ते १० सेंटिमीटर ठेवून कापा आणि उचलताना हात फळाखाली घाला. देठाला धरून उचललं आणि देठ निखळला, की तिथूनच कूज शिरते. मग २७ ते २९ अंशांच्या हवेशीर जागी १० ते १४ दिवस ठेवलं की साल घट्ट होते. पुढे १० ते १५ अंशांच्या कोरड्या जागेत ते काही महिने टिकतं. रताळ्यांचा वेल हिमाने काळा पडेपर्यंत थांबू नये. चुकून पडलाच तर त्याच दिवशी वेल जमिनीलगत कापा आणि कंद लगेच खणा. रताळी न धुता २९ अंशांच्या आसपास, दमट जागी आठवडाभर ठेवली की खरचटलेली साल भरून येते. नंतर १३ ते १६ अंश. याहून बरंच गार ठेवलं तर गाभा शिजवूनही कडक राहतो.

गाजर, बीट, कोबी, केल (कोबीच्या जातीची पालेभाजी), पालक, मुळा, लसूण यांना पहिल्या हिमाची धास्ती नाही. गाजर आणि केल तर थंडीत गोड होतात, कारण वनस्पती साठवलेल्या स्टार्चची साखर करते आणि ती साखर पेशींना गोठण्यापासून वाचवते. यांच्यावर ३० जीएसएम टाकलं तर काढणी पुष्कळ पुढे ढकलता येते. एकच पथ्य: सकाळी पानं कडक गोठलेली असताना त्यांना हात लावू नये. पेशींमधला बर्फ दाबला गेला की पान काळं-मऊ पडतं. झाडावरच वितळू द्या, मग दुपारी तोडा. गाजराचा पाला एक-दोन सेंटिमीटर ठेवून कापावा आणि गाजरं ओलसर वाळूत, शून्याच्या जरा वर ठेवावीत. जमिनीतच ठेवायची असतील तर माती गोठण्याआधी त्यावर फूटभर गवताचा थर द्या.

कापडाच्या आयुष्याबद्दल. अतिनील किरणांना टिकणारं असा उल्लेख वेष्टनावर असेल तरच घ्या. नसेल तर काही आठवड्यांच्या उन्हात ते ठिसूळ होतं आणि त्याचे धागे मातीत मिसळतात, जे वेचणं जवळपास अशक्य. चांगलं ३० जीएसएम जपून वापरलं तर दोन-तीन हंगाम टिकतं, १७ जीएसएम बहुधा एकच. बर्फ पडला तर साचायच्या आत झाडून टाका, नाहीतर कमानी वाकतात. ओलं कापड घडी करू नका, ते काळं पडतं. वाळवून, माती झटकून, उंदीर पोहोचणार नाहीत अशा डब्यात ठेवा, आणि घडीवर पन्हा व लांबी लिहून ठेवा. पुढच्या वर्षी पारा अचानक उतरला की प्रत्येक वाफ्याचं कापड उलगडून मोजत बसायला वेळ नसतो.