काम स्वतःच्या माणसांकडे ठेवावे की बाहेर द्यावे?

एखादे काम बाहेरच्या संस्थेकडे सोपवावे की त्यासाठी स्वतःची माणसे नेमावीत, हे ठरवताना बहुतेक व्यावसायिक एका बाजूला पगार आणि दुसऱ्या बाजूला कोटेशन मांडून मोकळे होतात. ही तुलना अपुरी आहे, कारण पगाराच्या आकड्यात भरती, प्रशिक्षण, रजा, संगणक आणि काम नसलेले दिवस धरलेले नसतात, तर कोटेशनमध्ये काम समजावून सांगणे, आलेले काम तपासणे आणि चुकलेले पुन्हा करून घेणे यांत जाणारा आपलाच वेळ दिसत नाही. अर्थतज्ज्ञ रोनाल्ड कोस यांनी 1937 साली नेमका हाच मुद्दा मांडला होता. बाजारातून काम करून घेण्यालाही खर्च येतो, आणि तो खर्च जास्त असतो तेव्हा काम कंपनीच्या आत करणे परवडते, असे त्यांचे म्हणणे होते. 1991 साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

माझ्या मते पहिला प्रश्न दराचा नसून तपासणीचा आहे. काय हवे ते आपल्याला लिहून देता येते का, आणि काम हातात आल्यावर ते बरोबर आहे की नाही हे आपल्याला कळते का?

पगारपत्रकाचे काम या कसोटीला पूर्ण उतरते. हजेरी, रजा आणि कपाती ठरलेल्या तारखेला पाठवायच्या, तयार पत्रक आले की मागच्या महिन्याच्या बेरजेशी ताडून पाहायचे आणि फरक दिसला तर तो कोणाच्या नावापुढे आहे ते शोधायचे. चूक लपत नाही, नियम सर्वांना सारखेच असतात आणि बाहेरची संस्था हेच काम अनेकांसाठी करत असल्याने तिचा हात बसलेला असतो. असे काम बाहेर द्यायला हरकत नाही.

तक्रारी ऐकण्याचे काम वरवर तितकेच साधे दिसते, पण ते तसे नाही. झाकण घट्ट बसत नाही म्हणून ग्राहक फोन करतो, बाहेरचा प्रतिनिधी नम्रपणे वस्तू बदलून देतो आणि नोंद ‘निकाली’ होते. करारात अपेक्षित होते तेवढे झाले. तोच फोन आतल्या माणसाने घेतला असता, तर आठवड्यातला तिसरा फोन येताच तो उठून उत्पादन विभागात गेला असता आणि साचा तपासायला लावला असता. बाहेर दिलेल्या कामात ही उठून जाण्याची वाटच तुटते, आणि तिची किंमत कोणत्याही कोटेशनमध्ये नसते.

मोठ्या कंपन्यांनाही हे जड गेले आहे. बोईंगने 787 विमानाच्या मोठ्या भागांचे केवळ उत्पादनच नव्हे, तर बरेचसे सविस्तर आरेखनही पुरवठादारांवर सोपवले. अर्धवट राहिलेले भाग जोडणीसाठी येऊ लागले, 2008 साली अपेक्षित असलेले पहिले विमान ग्राहकाला 2011 साली मिळाले आणि मधल्या काळात, 2009 साली, बोईंगने विमानाच्या मागच्या भागाचा पुरवठादार कारखाना स्वतःच विकत घेतला. आयबीएमचा अनुभव वेगळा आहे. 1981 सालच्या वैयक्तिक संगणकासाठी त्यांनी प्रोसेसर इंटेलकडून आणि कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टकडून घेतली. संगणक लवकर बाजारात आला, पण तेच भाग वापरून इतरांनीही तसेच संगणक बनवले आणि त्या बाजारावरची आयबीएमची पकड सुटली. म्हणजे वेग मिळतो हे खरे, मात्र ग्राहक ज्यासाठी आपल्याकडे येतो तोच भाग बाहेर गेलेला नसावा.

अर्थात स्वतःची टीम म्हणजे सुरक्षितता, असेही मानू नये. सगळे सर्व्हर एकाच माणसाला ठाऊक असतील, तर त्याने राजीनामा दिल्यावर होणारी ओढाताण कोणत्याही कंत्राटदाराने केलेल्या अडवणुकीइतकीच वाईट असते. शिवाय काही कामे लहान व्यवसायाला झेपतच नाहीत. सर्व्हरवर अहोरात्र देखरेख ठेवायची तर आठवड्याचे 168 तास भरावे लागतात. एक माणूस 40 तास काम करतो असे धरले, तर रजा न मोजताही चाराहून अधिक माणसे लागतात. अशा वेळी बाहेरची सेवा घेणेच शहाणपणाचे ठरते.

काम बाहेर द्यायचे ठरले, तरी ते समजणारा किमान एक माणूस आत ठेवावा, कारण तो नसेल तर पुढच्या वर्षी वाढीव दर आल्यावर तो रास्त आहे की नाही हे सांगणारेही कोणी उरत नाही. करारात दराइतकेच लक्ष बाहेर पडण्याच्या कलमांकडे द्यावे. डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता) आणि सर्व खाती आपल्याच नावावर असावीत, सोर्स कोडची (सॉफ्टवेअरच्या मूळ मजकुराची) मालकी स्पष्ट लिहिलेली असावी आणि हस्तांतरणाचा कालावधी ठरलेला असावा. नूतनीकरणावर सही करण्यापूर्वी मागच्या तीन महिन्यांच्या सर्व फाइल मागवाव्यात आणि आपल्या संगणकावर, त्या संस्थेच्या मदतीशिवाय, त्या उघडतात का हे स्वतः पाहावे.