गॅरेजमधून आल्यावर गाडी कुरकुरतेय? ईएलएम३२७ स्कॅनर कितपत कामाचा

हजार रुपयांच्या आत मिळणारा हा ब्लूटूथ स्कॅनर बहुतेक लोक चेक इंजिनचा दिवा घालवायला घेतात. त्यासाठी तो वापरणं म्हणजे निम्मे पैसे वाया. आधी नसलेला त्रास दुरुस्तीनंतर सुरू झाला, तर दोष त्या कामात आहे की दुसरंच काही बिघडलंय, हे शोधायला तो खरा उपयोगी पडतो.

जोडणी सोपी आहे. स्टिअरिंगखाली, पायाजवळ १६ पिनांचा सॉकेट असतो, त्यात स्कॅनर बसवायचा, चावी ऑन करायची, मोबाइलवर पेअर करायचं (पिन १२३४ किंवा ००००) आणि टॉर्क किंवा कार स्कॅनर ॲप उघडायचं. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथवाला घेऊ नका. बीएलई (ब्लूटूथचा कमी बॅटरी खाणारा प्रकार) किंवा वायफायवाला लागतो. डब्यावर आवृत्ती '२.१' लिहिलंय म्हणून नवीन समजून भुलायचं नाही. २.१ लिहिलेल्या बऱ्याच नकली स्कॅनरांत निम्म्या कमांड चालत नाहीत. '१.५' ही आवृत्ती मूळ कंपनीने कधी काढलीच नाही, तरी पीआयसी१८एफ२५के८० चिप असलेला १.५ चा नकली माल काम मात्र चोख करतो.

कोड (बिघाड झाला की गाडीचा कॉम्प्युटर नोंदवतो तो क्रमांक) लगेच क्लिअर करू नका. कोडबरोबर फ्रीझ फ्रेमही पुसली जाते, म्हणजे बिघाड नोंदला त्या क्षणाचे आरपीएम, लोड, कूलंटचं तापमान सगळं गेलं. गॅरेजवाल्याशी बोलायला पुरावा तोच. आधी स्क्रीनशॉट काढा. ॲपमध्ये 'कोड क्लिअर केल्यापासूनचं अंतर' असाही एक आकडा असतो. तो गाडी ताब्यात घेतानाच बघा. कामात बॅटरी काढावी लागली असेल तर तो शून्यावर येणं साहजिक आहे; काढलीच नसेल आणि तरी चार किलोमीटर दिसत असेल, तर कोड पुसून गाडी दिलीय.

स्कॅनरचा जीव फ्युएल ट्रिममध्ये आहे. ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय, हे त्यात दिसतं. इंजिन गरम झाल्यावर शॉर्ट टर्म (त्या क्षणाची) आणि लाँग टर्म (साठत गेलेली) ट्रिम मिळून अधिक-उणे ५ टक्क्यांच्या आसपास असेल तर ठीक, १० च्या वर गेलं की शोधायला लागायचं. थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर किंवा एअर फिल्टर बदलल्यावर पी०१७१ (मिश्रण पातळ) आला, तर आधी आयडलला आकडा बघा, मग २५०० आरपीएमला धरून बघा. आयडलला +१८ आणि २५०० ला +४ असं काही दिसलं तर कुठून तरी फुकटची हवा आत जातेय: क्लॅम्प ढिला, पीसीव्हीचा (इंजिनातले वायू पुन्हा आत ओढणारा) पाइप लावायचा राहिलाय, नाहीतर गॅस्केट नीट बसलेलं नाही. उलट लोड वाढेल तसा आकडा वाढत गेला, तर एमएएफ सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) किंवा पेट्रोलचं प्रेशर तपासा. एमएएफला तेलकट हात लागला असला तरी असंच होतं. सीएनजी किट असेल तर आधी पेट्रोलवरच रीडिंग घ्या, नाहीतर किटच्या ट्यूनिंगचा दोष मेकॅनिकच्या माथी मारला जाईल.

प्लग बदलल्यावर मिसफायर येत असेल तर पी०३०१ ते पी०३०४ यांतला शेवटचा अंक सिलिंडरचा. पी०३०१ असेल तर इंजिन बंद करून एक नंबरची कॉइल तीनला लावा. पुढच्या वेळी पी०३०३ आला तर कॉइल गेलीय. कोड एकवरच राहिला तर प्लग काढून बघा; बसवताना तिरका दाब पडला की चिनीमातीला बारीक तडा जातो आणि वरवर तो दिसतही नाही. कॉइलचा कनेक्टर 'टक' न करता नुसता टेकवून ठेवलेला असणं हाही नेहमीचा प्रकार.

टायमिंग चेन किंवा बेल्टच्या कामानंतर पी००१६ आला, तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करा. क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाहीये. एखादा दात चुकला असण्याची शक्यता मोठी.

मर्यादाही आहेत. कॉम्प्रेशन, ऑइल प्रेशर, हेड गॅस्केटची गळती यांवर हा स्कॅनर थेट काही सांगत नाही. एबीएस आणि एअरबॅगचे कोड बहुतेक गाड्यांत वाचत नाही. डिझेलला फ्युएल ट्रिमचा उपयोग नाही. तिथे इंटरकूलरचा पाइप निसटलाय का, हे एमएपी सेन्सर दाखवतो त्या बूस्टवरून (टर्बोच्या हवेच्या दाबावरून) कळतं, एवढंच.

काम झालं की स्कॅनर काढून ठेवा. १६ नंबरच्या पिनला चावी बंद असतानाही बॅटरीचा प्लस असतो आणि गाडी आठ-दहा दिवस उभी राहिली तर जुनी बॅटरी उतरू शकते.